जुन्या पानावरचे हळकुंड : सांगलीतील एका चित्रकार्यशाळेविषयी

सांगलीच्या विश्रामबाग परिसरातील एका खासगी चित्रवर्गाने जुन्या पुस्तकांच्या पानांवर मिश्र माध्यमात वास्तवदर्शी चित्र काढण्याची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, तिला मी गेले होते. साहित्यासह शुल्क २,२०० रुपये होते आणि शिकणारे आम्ही आठ जण होतो. चित्र कसे उभे करावे हे तिथे फार चांगले शिकवले जाते; पान कसे टिकवावे याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे पांढऱ्या कागदावर वस्तुचित्र काढण्याची सवय हाताला होती. पांढऱ्या कागदावर उजेड कागदाचाच असतो आणि आपण फक्त गडद करत जातो. जुन्या पानाचे तसे नाही. ते पिवळट-तपकिरी झालेले असल्यामुळे मधली छटा आयतीच मिळते, आणि चित्रकाराला तिथून दोन्ही बाजूंना जावे लागते : सावलीकडे ग्रॅफाइट व चारकोल, उजेडाकडे पांढरी पेन्सिल आणि अगदी शेवटी गौश (अपारदर्शक जलरंग). सरांनी प्रत्येकासमोर एकेक वाळवलेले हळकुंड ठेवले आणि पहिला तासभर पिवळ्या रंगाला हात लावू दिला नाही. आधी हळकुंडावरची वलये, मग मोडलेल्या टोकाची खोल सावली, मग टेबलावर पडलेली छाया. हे सगळे करड्या रंगातच उभे राहिल्यावर जलरंगाचा एक पातळ हात आणि त्यावर रंगीत पेन्सिल. पांढरे गौश फक्त तीन ठिकाणी, तिळाएवढे. तो तिसरा ठिपका वलयाच्या कडेवर पडला आणि हळकुंड पानावरून उचलून घ्यावे असे दिसू लागले.

अक्षरांविषयी सरांनी जे सांगितले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. रोमन लिपीच्या पानावर मजकुराची एकसारखी करडी जाळी दिसते. देवनागरीत शिरोरेखेमुळे ओळीओळीचे आडवे पट्टे दिसतात आणि ते चित्रातील आडव्या आकारांशी भांडतात. माझे हळकुंड उभे होते, वलये आडवी होती, आणि पहिल्या प्रयत्नात वलय कुठले नि शिरोरेखा कुठली हेच कळेना. पान आडवे फिरवल्याबरोबर शिरोरेखा उभ्या झाल्या, वलयांना काटकोनात छेदू लागल्या आणि आकार मोकळा झाला. जिथे अक्षरे तरीही त्रास देतात, तिथे पांढऱ्या रंगात किंचित पिवळी माती (यलो ऑकर हा रंग) मिसळून पातळ थर द्यायचा, म्हणजे मजकूर मागे सरकतो पण पुसला जात नाही. परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला शिरोरेखेची ही अडचण कुणी सांगणार नाही.

पूर्वतयारीची पद्धतही नीट होती. माउंटबोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर) मॅट मीडियम, म्हणजे चमक नसलेले ॲक्रिलिक द्रव, लावायचे, पान ठेवून मधून कडेकडे हवा काढायची, वरून पुन्हा मीडियम, आणि वाळल्यावर पारदर्शक जेसोचा (अस्तराच्या लेपाचा) एक हात, ज्याने पेन्सिलीला पकडायला खरखरीतपणा मिळतो (पेन्सिलीचे टोक मात्र लवकर झिजते). खिळ्यांच्या छपाईची (धातूची सुटी अक्षरे जुळवून छापलेली) पाने यासाठी उत्तम, कारण ती शाई तेलाची असल्याने पाण्याने फुटत नाही, शिवाय पानाच्या मागून बोट फिरवले तर अक्षरांचे उठाव लागतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचा मजकूर मात्र ओल्या कुंचल्याखाली पसरण्याची शक्यता मोठी. वाळण्यासाठी अर्धाच तास दिला होता, आणि इथे घाई नडली. माझे पान एका कोपऱ्यात फुगले, त्यावरची सावली सुरकुतीत सापडली. पहिल्या दिवशी पाने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवली असती तर हे टळले असते.

यापेक्षा गंभीर तक्रार वेगळी आहे. जुन्या छापील पुस्तकांचा स्वस्त कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन (लाकडातला एक घटक) आणि आम्लता यांमुळे तो पिवळा आणि ठिसूळ होत जातो, आणि वरून ॲक्रिलिकचा थर दिला म्हणून ती क्रिया थांबत नाही. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२च्या सुमारास चित्रांत चिकटवलेली वर्तमानपत्रे आज तपकिरी झाली आहेत. दोन दिवसांत याविषयी एक वाक्यही निघाले नाही. चित्र आम्लमुक्त माउंटवर, काचेमागे आणि थेट उन्हापासून दूर ठेवावे एवढे तरी सांगायला हवे होते. वर्गात पानांसाठी ठेवलेल्या रद्दीच्या ढिगात एक पूर्ण, सुस्थितीतले, कापडी बांधणीचे पुस्तकही होते आणि त्याची पाने फाडून वाटली गेली, याचे मला खरोखर वाईट वाटले. निदान त्याची दुसरी प्रत एखाद्या ग्रंथालयात आहे का, हे आधी पाहायला हवे होते. कणा तुटलेली, पाने गळलेली पुस्तके रद्दीत हवी तेवढी मिळतात.

मी दुसऱ्या दिवशी घरचे पान नेले. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या कपाटाचा खालचा कप्पा भिजला होता, त्यातल्या एका पुस्तकाचे ते पान होते. खालच्या तृतीयांशावर कृष्णेच्या गाळाची तपकिरी रेघ अजून आहे. सरांनी ती झाकू दिली नाही, तीच टेबलाची कड धरून हळकुंड तिच्यावर ठेवायला लावले. पुरात भिजलेल्या पानांत बुरशी राहू शकते, म्हणून ती आधी पूर्ण वाळवून, मऊ कोरड्या कुंचल्याने, तोंडाला मास्क लावून झटकावीत. हे मला आधीपासून ठाऊक होते, वर्गात कुणी विचारलेही नाही.

छायाप्रकाशाचा थोडा सराव असलेल्याने या कार्यशाळेला जरूर जावे. अगदी नवख्याला दोन दिवस अपुरे पडतील. जाताना पान स्वतःचे न्यावे आणि ते आदल्या रात्रीच बोर्डवर चिकटवून वाळवलेले असावे.