पेठेत रोज जायचं: गाडी बरी की मेट्रो?

आमच्या कचेरीत गेल्या महिन्यात एक मुलगा नवा लागला. मूळचा साताऱ्याकडचा, खोली कोथरूडला, आयडियल कॉलनीच्या आसपास. तिसऱ्याच दिवशी त्यानं विचारलं, "काका, हप्त्यावर गाडी घेऊ की मेट्रोनंच येत जाऊ?" मी लगेच उत्तर दिलं नाही. हाच रस्ता मी सतरा वर्षं गाडीवर केला आणि आता वर्षाहून जास्त झालं, मेट्रोनं करतोय. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि दोन्ही बाजूंनी भांडताही येतं. (गाडी म्हणजे दुचाकी, हे पुण्याबाहेरच्यांसाठी.)

आधी एक स्पष्ट करतो. कचेरी तुळशीबागेच्या मागच्या बोळात, म्हणजे पुण्याच्या जुन्या पेठांत आहे. तुम्ही हिंजवडीला किंवा हडपसरला कामाला असाल, तर माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. इथला प्रश्न पेठेत रोज येणाऱ्या माणसाचा आहे.

घड्याळ लावलं तर गाडी जिंकते, आणि हे मेट्रोवाल्यांनी मान्य करावं. घरातून निघून मंडईपाशी पोचायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. मेट्रोनं दारापासून दारापर्यंत पाऊण तास धरा. कारण सरळ आहे. डेक्कनच्या स्थानकावर उभं राहिलं की पेठा नदीपलीकडे समोर असतात, पण मेट्रो तुम्हाला तशीच पुढे सिव्हिल कोर्टपर्यंत नेते. तिथे वरच्या मजल्यावर उतरायचं आणि एकापाठोपाठ एक सरकते जिने घेत जमिनीखाली जायचं. ते फलाट तीस मीटरहून खोल आहेत, पहिले काही दिवस विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. मग दुसरी मेट्रो पकडून नदीखालून परत मागे, कसबा पेठ आणि मंडई. याला द्राविडी प्राणायाम नाही तर काय म्हणायचं? थंडीच्या दिवसांत मी कधीकधी डेक्कनलाच उतरतो आणि नदी ओलांडून चालत येतो. वेळ जवळपास तेवढाच, पण अंगात ऊब येते.

पैशाचंही लोक समजतात तसं नाही. नुसतं पेट्रोल धरलं तर गाडी स्वस्त पडते. जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर, म्हणजे पाव लिटर. मेट्रोचं तिकीट 10 रुपयांपासून 35 रुपयांपर्यंत, कार्डावर दहा टक्के सूट आणि शनिवार-रविवारी तीस टक्के. दोन्ही फेऱ्या धरल्या की पाव लिटर पेट्रोलपेक्षा जास्तच होतात. पण गाडीचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि दर दोन-तीन वर्षांनी टायर मांडले की हिशेब उलटतो. ज्याच्याकडे गाडी आधीच आहे आणि जो नवी घ्यायला निघालाय, त्या दोघांचं गणित म्हणूनच वेगळं.

आता मुद्द्याचं. मला गाडीवरून खाली उतरवलं ते ना वेळेनं, ना पैशानं, ना पाठदुखीनं. उतरवलं पार्किंगनं.

पेठेत गाडी लावणाऱ्याचं एक व्रत असतं. सकाळी दात घासताना आज तारीख कोणती ते आठवायचं. पी-वन, पी-टू ही भानगड ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको: विषम तारखेला रस्त्याच्या या बाजूला, सम तारखेला त्या. ऐकायला किती सोपं. पण सकाळी पावणेदहाला योग्य बाजू गाठली तरी तिथे जागा असेलच असं नाही. मग एक चक्कर, दुसरी चक्कर, एकेरी रस्त्यामुळे तिसरी चक्कर पार लांबून. शेवटी दोन गाड्यांच्या मधे वीतभर फट दिसते. त्यात पुढचं चाक घालायचं, शेजारच्याची गाडी ढुंगणाला धरून जरा सरकवायची, आरसा दुमडायचा आणि आपली आत ढकलायची. वीस मिनिटांत आलो म्हणायचं ते इथे बुडतं. आणि हेच सगळं दिवसभर दुसरे लोक आपल्या गाडीला करत असतात. संध्याकाळी निघताना चार गाड्या बाहेर काढल्याशिवाय स्वतःची निघत नाही. त्यातली एखादी हँडललॉक असतेच.

माझा एक सहकारी दुपारी डबा खाऊन झाला की न चुकता खाली जायचा. आम्हाला वाटायचं पान खायला जातो. तो गाडी आहे का ते बघून यायचा.

माझा घोटाळा झाला तो 31 जुलैला. म्हणजे झाला 1 ऑगस्टला. काल या बाजूला लावली होती, आज त्या बाजूला लावायची, हे हाताला इतकं बसलेलं की तारीख बघितलीच नाही. पण 31 विषम आणि 1 पण विषम! वर्षात सात महिने 31 दिवसांचे असतात, म्हणजे हा सापळा वर्षातून सातदा. संध्याकाळी खाली आलो, तर गाडीच्या जागी नुसता डांबरी रस्ता. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं मान वर न करता एवढंच सांगितलं, "उचलली." चूक माझीच होती, नियम बरोबर होता, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय नव्हती. रिक्षा करून गेलो, दंड भरला, गाडी सोडवली, घरी पोचायला साडेनऊ. त्या रात्री जेवताना मी कुणाशी बोललो नाही.

पुढे 29 सप्टेंबर 2024 ला मंडईवरून स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि मी दुसऱ्याच आठवड्यात कार्ड काढलं. मेट्रोची भुरळ पडली म्हणून नव्हे, तारखा मोजायचा कंटाळा आला म्हणून.

मेट्रो म्हणजे स्वर्ग आहे असं मात्र म्हणणार नाही. घरापासून आयडियल कॉलनीचं स्थानक चालत बारा मिनिटं. भर पावसात ही बारा मिनिटं पंचवीस वाटतात, कारण पदपथावर कुठे डबकं, कुठे उसाचं गुऱ्हाळ. संध्याकाळी साडेसहाला मंडईला उभं राहायलाही कसरत करावी लागते. बसायला मिळालं तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट काढावं. शिवाय प्रत्येक वेळी पिशवी यंत्रातून घालायची. मंडईतून मेथीच्या दोन जुड्या आणि नारळ घेऊन निघालो की पडद्यासमोर बसलेली मुलगी नारळाकडे जरा रोखून बघते. भाजी जास्त असेल तर गाडीच्या पुढच्या हुकाची आठवण येते, नाही असं नाही.

पावसाळ्यात मात्र तराजू चांगलाच झुकतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि नदीकाठच्या रस्त्यानं येणारे सगळे बाकीच्या पुलांवर येतात. गाडीवर असताना मी रेनकोट घालून आत घामानं भिजायचो आणि बाहेर समोरच्या बसच्या चाकानं. आता छत्री पुरते.

गणपतीत तर तुलनाच नको. संध्याकाळी पेठांतले रस्ते बंद, गाडी न्यायची कुठे? मेट्रोला त्या दिवसांत गर्दी इतकी की मंडईच्या फलाटावर दोन-दोन गाड्या सोडाव्या लागतात. पण गाड्या असतात तरी. 2025 च्या अनंत चतुर्दशीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत सलग 41 तास मेट्रो चालू होती. एक युक्ती सांगतो: घरी जायचं असलं तरी आधी उलटं स्वारगेटला जा, तिथून बसून परत या. आमच्या बायकोला हे अजून पटलेलं नाही.

रात्रीचं काय, हा प्रश्न राहतोच. नाटकाचा साडेनऊचा प्रयोग बघून बाहेर पडलात तर मेट्रो बंद झालेली असते. कचेरीत कामाचा रगाडा असेल, आठवड्यातून तीन रात्री उशीर होत असेल, घरी म्हातारी माणसं असतील आणि मधेच दवाखान्यात पळावं लागत असेल, तर गाडीला पर्याय नाही आणि मी वाद घालणार नाही. मी स्वतःही गाडी विकलेली नाही. घरात एक गाडी असावी, या मताचा मी आहे. फक्त ती पेठेत नेऊ नये.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं की तुझी तू बघ, पण हप्ता सुरू करायच्या आधी दोन महिने कार्ड काढून बघ. पावसाळ्यातले असले तर उत्तम. त्यानंतरही गाडी घ्यावीशी वाटली तर जुनी घे, नवी नको. पेठेत नव्या गाडीवर पहिला ओरखडा आठवड्याच्या आत येतो, आणि तो आला की माणूस उगाच आठवडाभर उदास होतो.

माझी गाडी आता खाली झाकण घालून उभी असते. बॅटरी बसते, म्हणून रविवारी सकाळी दहा-बारा किका मारून ती चालू करायची, दुधाची पिशवी आणायची आणि परत लावायची. सोसायटीत सम-विषम नाही.