पाचपैकी चार स्टार, एक कापला तो रविवारच्या लेक्चरसाठी

माझं हिंगणा रोडला झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे फॉर्म, दाखले, बायोडाटा सगळं रोज आपल्याच हातातून जाते, तरी सख्ख्या बहिणीच्या ॲडमिशनला आपलं डोकं चाललं नाही हे आधीच कबूल करतो. घरात इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच, बाबा बुटीबोरी एमआयडीसीत सिक्युरिटीला आहेत. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी) या ऑफिसचं तिला पॉलिटेक्निकमधल्या मैत्रिणीने सांगितलं, कॉलेज सुरू झाल्यापासून नोकरी लागेपर्यंत एक मेंटॉर, म्हणजे वाट दाखवणारं अनुभवी माणूस, देतात आणि तेही फुकट. मला वाटलं फुकट म्हणजे बॅनरसमोर उभं करून फोटो काढतील आणि संपलं. तसं नाही निघालं म्हणून लिहून राहिलो.

2024 ला डिप्लोमा झाला, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, डायरेक्ट सेकंड इयरला नंबर लागला आणि कॉलेजच्या खिडकीवर म्हणे पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की बघू. आईने बांगड्या काढून ठेवल्या होत्या. बहिणीच्या मेंटॉर ताई मिहानमध्ये आयटीत आहेत, त्या ड्युटी संपवून सरळ माझ्या दुकानात आल्या आणि व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ टाकली. 8 जुलै 2024 चा जीआर, म्हणजे शासन निर्णय. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखाच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, त्याआधी निम्मंच होतं. आम्ही ओबीसी, पेपरात बातमी पण वाचली होती, पण खिडकीवरचा माणूस नाही म्हणाला की आपण नाहीच समजतो ना. ताईंनी दोन ओळींवर हायलायटर मारला आणि म्हणाल्या, "दादा दोन कॉप्या काढा, एक द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची." पोच मागितल्याबरोबर खिडकीवरची भाषाच बदलली. डेव्हलपमेंट फी वगैरे भरावीच लागली, ती माफ नाही, पण बांगड्या परत हातात गेल्या.

दुसरं म्हणजे बँक. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर, पैसे जमा दाखवत होते आणि हिच्या खात्यात छदाम नाही, महिनाभर आम्ही कॉलेजला शिव्या देत बसलो. ताईंनी विचारलं आधार कोणत्या खात्याला सीड आहे, म्हणजे जोडलेलं आहे. शाळेत असताना काढलेलं एक झिरो बॅलन्सचं खातं होतं, आम्ही विसरूनही गेलो होतो, पैसे आरामात तिथे जाऊन पडले होते. आता माझ्या दुकानात फॉर्म भरायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हा प्रश्न पहिले विचारतो. एक पोरगा होता एससीचा, सरकारी हॉस्टेलला नंबर नाही लागला म्हणून गावी परत जायच्या गोष्टी करून राहिला होता, त्यालाही ताईंनीच स्वाधार योजना सांगितली, त्यात नागपूरला वर्षाचे 60,000 आहेत राहण्या-जेवणाचे.

आणि रेझ्युमे! मी अकरा वर्षांपासून लोकांचे बायोडाटे छापतो, वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद वाचन, आणि शेवटी वरील माहिती खरी आहे असं जाहीर करतो. हिचाही मीच बनवून दिला होता, छान बॉर्डर वगैरे टाकून. ताईंनी अर्धा खोडला. छंदाच्या जागी विचारलं की घरी काय करतेस, तर ही दुकानाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते, उधारी कोणाकडे किती, कागदाचे रिम किती उरले, ते लिहायला लावलं. इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूमध्ये त्यावरच दहा मिनिटं विचारलं म्हणे. ताई रात्री नऊला फोन करून सराव घ्यायच्या, पहिले आठ दिवस मराठीतच, बोलायला काय आहे ते आधी सापडू दे म्हणे, इंग्रजी नंतर. इंटर्नशिप मिळाली, नोकरीचं पुढे पाहू.

आता एक स्टार का कापला. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांना बोलावतात आणि चार तास प्रोजेक्टरवर मोटिव्हेशन, सगळं इंग्रजीत, कम्फर्ट झोन सोडा म्हणे. अहो काटोल, उमरेडहून पहाटेची एसटी पकडून पोरं येतात, कम्फर्ट झोन कुठला सांगता त्यांना. त्यापेक्षा तिथेच बसून प्रत्येकाचं महाडीबीटी उघडून स्टेटस पाहिलं असतं तर बरं. दुसरी तक्रार मोठी आहे. मधे ताईंना कंपनीने सहा महिने बाहेरगावी पाठवलं तर ऑफिसने बदली मेंटॉर दिलाच नाही, फोन केला की पाहतो पाहतो. त्याच काळात स्कॉलरशिप रिन्यूअलचा फॉर्म कॉलेजच्या लॉगिनमधून सेंड बॅक झाला, म्हणजे दुरुस्तीला परत आला, शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी मलाच दिसला म्हणून वाचलो. म्हणजे मेंटॉर चांगला भेटला तर सोनं, आणि तो गेला की मागे कोणी नाही, असं नको ना राजेहो.

जायचं असेल तर जूनमध्येच नाव नोंदवा, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेअर सोबत ठेवा, नाही तर दाखल्यांसाठी सेतू केंद्राच्या चकरा मारण्यातच कॅप राऊंड निघून जातात. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतेक बंदच असते, बर्डीच्या मेट्रो स्टेशनवरून पायी पाच मिनिटं. आणि रविवारी गेलेच तर साडेनऊला पोहोचा, तर्री पोहे चांगले असतात पण दहाला संपतात.