माउस बाजूला ठेवून निवडावा लागणारा प्रोग्रॅम: दोन बांधण्यांची तुलना

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानात दृष्टिहीन दिवाणजी कामाला आहेत आणि हळदीच्या सौद्यानंतर शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) करण्यासाठी नवा प्रोग्रॅम घ्यायचा आहे, असे धरून ही तुलना केली आहे. समोर येणारे पर्याय बहुधा दोन बांधण्यांचे असतात: विंडोजच्या स्वतःच्या बटणांवर आणि चौकटींवर उभारलेले, आणि इलेक्ट्रॉन वापरून केलेले, म्हणजे आतून ब्राउझरच असलेले. विक्रेता दोन्ही माउसनेच दाखवत असल्याने दुकानदाराला त्यांतला फरक जाणवत नाही.

हा फरक फोकस कसा फिरतो यात आहे. फोकस म्हणजे पुढे दाबलेली कळ ज्या घटकाला लागू होईल ती जागा. डोळस माणसाला ती चौकटीभोवतीच्या रेघेवरून कळते; एनव्हीडीए किंवा जॉज हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्रॅम, वापरणाऱ्याला ती केवळ ऐकून कळते.

पहिल्या बांधणीतले प्रोग्रॅम करण्याचे एक साधन असलेल्या विंडोज फॉर्म्समध्ये प्रत्येक घटकाला टॅबचा क्रमांक असतो आणि तो मुळात घटक ज्या क्रमाने फॉर्मवर ठेवले गेले त्या क्रमाने पडतो. त्यामुळे ‘हमाली’ची चौकट प्रोग्रॅमरने मागाहून घातली असेल, तर ती पडद्यावर वजन आणि दर यांच्या शेजारी दिसत असूनही टॅबने ‘जतन करा’च्या पुढे गेल्यावरच सापडते. हा दोष त्रासदायक असला तरी क्रमांक बदलून तो थोड्या वेळात दुरुस्त होतो. ‘रोख’ आणि ‘उधार’ यांसारख्या एका गटातील पर्यायांवर टॅब एकदाच थांबतो व आत बाणांच्या कळांनी फिरता येते, आणि ही वागणूक मूळ घटकांतच असल्याने ती वेगळी लिहावी लागत नाही. या बांधणीची खरी परीक्षा तक्त्यात होते. पोती, वजन आणि दर भरण्याचा तक्ता बाहेरून विकत घेऊन बसवलेला असेल, तर बाण दाबल्यावर निवडलेला रकाना पडद्यावर सरकतो, पण स्क्रीन रीडर गप्प राहण्याची शक्यता असते.

ब्राउझरच्या बांधणीत टॅबचा क्रम कोडमधील मांडणीप्रमाणे चालतो; मात्र सजावटीच्या नियमांनी पडद्यावरची मांडणी बदलली, तर दिसणे आणि फिरणे यांची फारकत होते. मूळ घटक न वापरता केवळ रंगरूप देऊन केलेल्या शेतकऱ्यांच्या यादीवर, प्रोग्रॅमरने मुद्दाम सोय केल्याशिवाय, फोकस जातच नाही. तक्त्यातील ओळ पुसली आणि फोकस त्याच ओळीत असला, तर तो दुसरीकडे नेण्याची तजवीज करावी लागते. नाहीतर तो कोणत्याच घटकावर उरत नाही. शिवाय एनव्हीडीए वाचनपद्धतीत (कळांनी पानावर फिरत मजकूर ऐकण्याच्या पद्धतीत) असेल, तर टंकलेले अक्षर आज्ञा ठरते: ‘एच’ दाबले की पुढचे शीर्षक येते, चौकटीत काहीच उमटत नाही. एनव्हीडीए कळ (बहुधा इन्सर्ट) आणि स्पेस दाबून पद्धत बदलता येते, परंतु गर्दीच्या वेळी हे भान राखणे अवघड आहे. अंधुक दिसणाऱ्यांना मात्र इथे कंट्रोल आणि अधिक चिन्हाने अक्षर मोठे करण्याची सोय सहज देता येते, हे मान्य केले पाहिजे.

जावा भाषेतील स्विंग या साधनाने केलेला प्रोग्रॅम पुढे आला, तर जावा ॲक्सेस ब्रिज, म्हणजे त्याला स्क्रीन रीडरशी जोडणारा दुवा, चालू असल्याची खात्री करावी. अशा प्रोग्रॅममध्ये मोठ्या मजकुराच्या चौकटीत टॅबने रिकामी जागा उमटते आणि बाहेर पडायला कंट्रोल-टॅब लागते.

एन्टरचा प्रश्न वेगळाच आहे. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर हात बसलेले दिवाणजी एन्टरने पुढच्या रकान्यात जातात, तर विंडोजच्या संवादचौकटीत एन्टर मुख्य बटण दाबते, आणि अर्धवट पट्टी जतन होऊन बसते. कोणताही प्रोग्रॅम घेताना हे आधी विचारावे.

माझा कल पहिल्या बांधणीकडे आहे, पण एका अटीवर: तक्ता बोलला पाहिजे. दुसरी बांधणी घ्यायची, तर दोष दुरुस्त करणारा प्रोग्रॅमर विक्रेत्याकडे असावा आणि आयएस १७८०२ या अपंगांसाठीच्या सुलभतेच्या भारतीय मानकाचे पालन करारात लिहून घ्यावे. विक्रेत्यासमोर, माउस काढून, स्वतः दिवाणजींनी एक पूर्ण पट्टी करावी: टॅबने शेवटपर्यंत जावे, शिफ्ट-टॅबने त्याच वाटेने परत यावे, मधली एक ओळ पुसावी, नव्या शेतकऱ्याची खिडकी उघडून एस्केपने बंद करावी, आणि फोकस जिथून निघाला तिथेच परतला का ते ऐकावे.