अमेरिकी मतदाराचा धर्म आणि पक्ष : प्यू रिसर्च सेंटरच्या ‘रिलिजस लँडस्केप स्टडी’चे परीक्षण

अमेरिकेची जनगणना नागरिकाला त्याचा धर्म विचारत नाही. धर्माविषयी माहिती देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद १९७६च्या कायद्यात आहे. त्यामुळे कोणत्या पंथाचे लोक किती आहेत आणि त्यांचा कल कोणत्या पक्षाकडे आहे, याचे सरकारी उत्तर मिळत नाही. वॉशिंग्टनमधील प्यू रिसर्च सेंटर ही संस्था ‘रिलिजस लँडस्केप स्टडी’ या पाहणीद्वारे ती उणीव भरून काढते. २००७, २०१४ आणि २०२३-२४ अशा तिच्या तीन मोठ्या फेऱ्या झाल्या असून प्रत्येक वेळी ३५,००० हून अधिक प्रौढांना प्रश्न विचारण्यात आले. सर्व निष्कर्ष संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

या संकेतस्थळाची मांडणी अभ्यासकाच्या सोयीची आहे. पंथ निवडला की त्या पंथातील लोकांचे वय, शिक्षण, वंश, प्रार्थनेची वारंवारता, पक्षीय कल आणि गर्भपातासारख्या प्रश्नांवरील मते पुढे येतात. राज्य निवडले, तर तीच माहिती त्या राज्यापुरती मिळते. कॅथलिक चर्चची गर्भपातविरोधी भूमिका सर्वश्रुत आहे. परंतु निम्म्याहून अधिक अमेरिकी कॅथलिक गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा असे मानतात, ही गोष्ट येथे सहज दिसते. धर्मगुरूंच्या भूमिकेवरून अनुयायांच्या मताचा अंदाज बांधणाऱ्या प्रत्येक राजकीय भाष्यकाराने ही आकडेवारी एकदा तरी नजरेखालून घालावी, असे मला मनापासून वाटते.

मात्र या पाहणीचे खरे मोल फेऱ्यांच्या परस्पर तुलनेत आहे. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २००७मध्ये ७८ टक्के होते. ते २०२३-२४मध्ये ६२ टक्क्यांवर आले, आणि कोणत्याही धर्माशी नाते न सांगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. हे आकडे वृत्तपत्रांतून अनेकांनी वाचलेले असतात. पण ही घसरण राजकीयदृष्ट्या अतिशय विषम आहे, हे बातमीत क्वचितच येते. उदारमतवाद्यांमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण ६२ वरून ३७ टक्क्यांपर्यंत खाली आले, तर परंपरावाद्यांमध्ये ते ८९ वरून केवळ ८२ टक्क्यांपर्यंत उतरले. चर्चशी असलेले नाते आणि पक्षनिष्ठा यांची सांगड गेल्या दोन दशकांत किती घट्ट झाली, हे या चार आकड्यांइतके नेमकेपणाने सांगणारे दुसरे काही माझ्या वाचनात नाही.

केवळ धर्माचे नाव मतदाराविषयी फार थोडे सांगते, हेही हे संकेतस्थळ उत्तम रीतीने दाखवते. गोरे कॅथलिक रिपब्लिकन पक्षाकडे झुकतात, तर हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश वंशाचे, कॅथलिक डेमोक्रॅटिक पक्षाकडे. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट चर्चमधील अनेकांच्या श्रद्धा इव्हँजेलिकल लोकांच्या, म्हणजे बायबलचे प्रामाण्य आणि वैयक्तिक धर्मानुभव यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, श्रद्धांशी बऱ्याच जुळतात, तरीही त्यांच्यातील मोठे बहुमत डेमोक्रॅटिक आहे. म्हणूनच कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक चर्चसाठी पाहणीत स्वतंत्र वर्ग ठेवला आहे, आणि तो निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो.

नवख्या वाचकाची गफलत होण्याची शक्यता मात्र येथेच सर्वाधिक आहे. या पाहणीत इव्हँजेलिकल परंपरेचा वर्ग मुख्यतः उत्तरदात्याच्या चर्चच्या संप्रदायावरून ठरतो. याच संस्थेच्या निवडणूकविषयक अहवालांत मात्र जो स्वतःला ‘बॉर्न अगेन’ (ख्रिस्तावरील श्रद्धेने नवे आध्यात्मिक जीवन लाभलेला) किंवा इव्हँजेलिकल म्हणवतो, त्याची गणना त्या गटात होते, आणि बहुधा गोऱ्या प्रोटेस्टंटांचा आकडा वेगळा दिला जातो. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिले, हा प्रसिद्ध निष्कर्ष त्या दुसऱ्या व्याख्येवर आधारलेला आहे. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात वापरले, तर युक्तिवाद कोसळतो. व्याख्येतील हा फरक पद्धतीविषयक टिपणांपुरता न ठेवता प्रत्येक तक्त्याखाली ठळकपणे छापायला हवा.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. पहिल्या दोन फेऱ्या दूरध्वनीवरून झाल्या, तर तिसरीत घरांच्या पत्त्यांवरून नमुना निवडून बहुतेक उत्तरे ऑनलाइन किंवा कागदावर घेतली गेली, आणि मुलाखतकारापेक्षा कागदापुढे माणूस प्रार्थनेविषयी किंवा चर्चमधील उपस्थितीविषयी अधिक मोकळेपणाने उत्तर देतो. शिवाय प्रश्नावली इंग्रजी आणि स्पॅनिश या दोनच भाषांत होती, त्यामुळे हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम स्थलांतरितांविषयीचे आकडे जपून वापरावे लागतात. लोकसंख्येत त्यांचा वाटा लहान असल्याने एखाद्या राज्यातील अशा गटाविषयी ठाम विधान करणे धोक्याचे आहे.

अमेरिकी निवडणुकांवर लिहिणाऱ्या मराठी पत्रकारांना आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवीन. पक्षीय कल म्हणजे प्रत्यक्ष मत नव्हे. त्यामुळे २०२०च्या किंवा २०२४च्या मतदानाविषयी लिहायचे असल्यास, राज्यांच्या मतदार नोंदींशी पडताळून तयार केलेला संस्थेचा स्वतंत्र अहवाल सोबत उघडून ठेवावा.