प्रश्नावली की युरोफ्लो? प्रोस्टेट वाढलेल्यांनी आधी काय करावं

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांमध्ये प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून होणाऱ्या लघवीच्या त्रासाचा विषय निघाला, की सल्ला ठरलेला असतो: "युरोफ्लो करून टाका, लगेच कळतं." युरोफ्लोने कळतं ते लघवीच्या धारेचा वेग किती आहे. तो कशामुळे कमी झाला आणि माणसाला त्याचा त्रास किती होतो, हे त्यातून कळत नाही. म्हणून कोणती तपासणी कशासाठी, हे समजून मगच ठरवावं.

सुरुवात बिनपैशाच्या गोष्टीने करावी. आयपीएसएस नावाच्या प्रश्नावलीत गेल्या महिनाभराबद्दल सात प्रश्न असतात: लघवी झाल्यावरही उरल्यासारखं वाटतं का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का, मध्येच थांबून परत सुरू होते का, लागली की धरवत नाही का, धार बारीक झाली का, सुरू करायला जोर लावावा लागतो का आणि रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. खाली आठवा प्रश्न वेगळा असतो: हे असंच कायम राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोघांचे गुण १४ असू शकतात. त्यातला एक निवृत्त होऊन घरीच असतो, त्याचं फारसं अडत नाही. दुसरा रोज स्वारगेटहून हडपसरला पीएमपीने जातो आणि गर्दीत अडकलेल्या बसमध्ये त्याचा जीव कासावीस होतो. दोघांना एकच उपचार कसा चालेल?

या प्रश्नावलीची मर्यादाही आहे. ती त्रास मोजते, कारण सांगत नाही. मधुमेह किंवा लघवीतला जंतुसंसर्ग असला तरी गुण वाढतात. शिवाय आपल्याकडचे पुरुष संकोचाने कमी सांगतात. उत्तरं एकट्याने, शांतपणे लिहावीत. वाचायला अडचण असेल तर घरच्या कुणीतरी प्रश्न वाचून दाखवावेत, पण उत्तर सुचवू नये.

जोडीला तीन दिवसांची लघवीची नोंद ठेवावी. मापाचा प्लास्टिकचा मग घ्यायचा आणि वेळ, किती मिली झाली, काय प्यायलो ते वहीत लिहायचं. ही नोंद बहुतेक जण टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण रात्रीच्या उठण्याचा उलगडा इथेच होतो. चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच होत असेल, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नाही. पायांवरची सूज, झोपेत श्वास अडकणं किंवा रात्री उशिरापर्यंतचं पाणी-चहा हेही तपासायला हवं.

आता युरोफ्लो. खुर्चीसारख्या आसनाखाली किंवा उभ्यासाठी नरसाळ्याखाली भांडं असतं. त्यात नेहमीसारखी लघवी करायची, यंत्र वेगाचा आलेख काढतं. ना सुई, ना नळी. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर साधारण ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शंका, मधला भाग संदिग्ध. मात्र किमान १५० मिली लघवी झाली नसेल तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. बाटलीभर पाणी पिऊन, तासभर दाबून धरून, "लवकर आटपा" ऐकत केलेली चाचणीही फसवी. मूत्राशय फार ताणलं गेलं तरी धार मंदावते. शक्य असेल तर दोनदा करावी.

सोसायटीत नळाला धार बारीक आली, तर पाइप गंजून अरुंद झालाय की पंपच दमलाय, हे नळाकडे बघून कळत नाही. इथेही तसंच आहे: वाढलेलं प्रोस्टेट आणि अशक्त झालेला मूत्राशयाचा स्नायू, दोन्हींचा आलेख सारखा दिसू शकतो. म्हणून युरोफ्लोनंतर लगेच सोनोग्राफीने मूत्राशयात किती लघवी उरली ते पाहावं. उरलेली लघवी दरवेळी वाढत असेल तर दुर्लक्ष नको. तरीही अडथळा की अशक्त स्नायू हे पक्कं करायचं, तर बारीक नळ्या घालून दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी लागते. ती त्रासदायक आहे आणि तिच्यामुळे जंतुसंसर्गही होऊ शकतो. ती सरसकट करू नये. शस्त्रक्रियेचा विचार आहे आणि कारणाबद्दल शंका उरली आहे, तेव्हाच ती कामाची.

मग ठरवायचं कसं? गुण कमी आणि मनाला त्रास नाही, तर प्रश्नावली, नोंद, डॉक्टरांची तपासणी आणि लघवीची साधी चाचणी एवढं बहुधा पुरतं. गुण मध्यम किंवा तीव्र असतील, तर युरोफ्लो आणि उरलेली लघवी दोन्ही एकत्र करून घ्या, नुसता युरोफ्लो नको. गुण आणि धारेचा वेग नेहमी जुळतीलच असं नाही, प्रोस्टेटच्या आकाराचंही तेच. रिपोर्टमधल्या "५० ग्रॅम" या शब्दाने घाबरून शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका.

लघवीत रक्त, ताप किंवा लघवी पूर्ण अडकणं असेल, तर नोंद वगैरे काही न करता थेट दवाखाना गाठा. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडकते, तेव्हा घेत असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.

औषध सुरू झालं, की महिना-दीड महिन्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरा. बेरीज साधारण ३ गुणांनी उतरली तर फरक माणसाला जाणवतो. प्रोस्टेट आकसवणाऱ्या फिनॅस्टराइडसारख्या गोळीला मात्र सहा महिने द्यावे लागतात, आणि तिने पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा जवळपास निम्मा होतो, हे पुढच्या रिपोर्टच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.