वॉकर घेण्याआधी दवाखान्यापर्यंतची वाट आठवा

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना काठी-वॉकरसारखी सहायक साधनं घ्यायला एकदाच ३,००० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात मिळतात. ते हातात आले की घरातलं कुणी तालुक्याच्या सर्जिकल दुकानात जातं आणि बहुधा घडीचा ॲल्युमिनियमचा वॉकर घेऊन येतं. वॉकर वाईट नाही. पण आजीला महिन्याच्या महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं असेल, तर तो पुष्कळदा घरच्या कोपऱ्यातच उभा राहतो. म्हणून वॉकर, चार पायांची काठी आणि साधी काठी या तिन्ही वस्तू इथे वाटेवर जोखल्या आहेत: उंबरठा, गल्ली, एसटीची पायरी आणि केंद्राचा जोता.

वॉकरचं खरं बळ सपाट जमिनीवर. खुब्याच्या ऑपरेशननंतर, खूप अशक्तपणात किंवा दोन्ही गुडघे गेलेले असताना घरात, अंगणात, रात्री संडासापर्यंत जायला त्याच्यासारखा आधार नाही. क्रम असा: आधी वॉकर वीतभर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. वॉकर फार पुढे टाकला की माणूस त्यावर ओणवा होतो आणि वॉकरचे मागचे पाय उचलले जातात. मुरमाच्या रस्त्यावर चारांपैकी एक पाय खड्ड्यात गेला की अख्खा वॉकर कलतो. पुढे चाकं असलेला प्रकार फरशीवर छान सरकतो, खडीत मात्र अडतो. रुंदी साधारण दोन फूट, त्यामुळे जुन्या घरांच्या दारातून तो तिरका करून काढावा लागतो. एसटीत दोन रांगांच्या मधून उघडा वॉकर जातच नाही. तो घडी करून दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, म्हणजे सोबतीला माणूस हवाच. जिने, पायऱ्या वॉकरने चढू नयेत.

चार पायांची काठी दुकानात फार भक्कम वाटते, कारण सोडली तरी ती उभी राहते. पक्षाघातानंतर एक हात निकामी असलेल्या, सावकाश चालणाऱ्या माणसाला ती उपयोगाची आहे. पण तिचे चारही पाय एकाच वेळी टेकले तरच ती आधार देते. उखडलेल्या शहाबादी फरशीवर तीन टेकतात, चौथा अधांतरी राहतो आणि भार टाकताच काठी डुगडुगते. अरुंद पायरीवर बूड मावत नाही, आडवं धरावं लागतं. आणखी एक चूक सर्रास दिसते. बुडाची सपाट बाजू पायाकडे आणि पसरलेली बाजू बाहेर हवी. उलटं धरलं तर स्वतःचाच पाय त्यात अडकतो. हात बदलायचा असेल तर बटण दाबून नळी फिरवून घ्या.

साधी, एका पायाची, उंची बदलता येणारी काठी तिघांत सगळ्यात स्वस्त. ज्याला दहा-वीस पावलं स्वतःच्या पायांवर टाकता येतात, त्याच्यासाठी दवाखान्याच्या वाटेवर आमची निवड तीच. एकच टोक असल्यामुळे दगडांच्या मधली जागा हेरून टेकता येतं. मात्र ती नीट बसवलेली हवी. रोजच्या चपला घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. काठीच्या मुठीचा माथा मनगटाच्या घडीपाशी आला पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. काठी उंच झाली तर खांदा वर चढून दुखतो, ठेंगणी झाली तर पाठ वाकते. बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय का, हे बोटाने चाचपा. अर्धवट अडकलेलं बटण भार पडताच आत जातं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडते. बहुतेक जण उलट करतात आणि मग ‘काठीचा काही उपयोग नाही’ म्हणतात.

घरात वेळूची उंच काठी असेल तर ती टाकू नका. उताराच्या पायवाटेवर पुढे टेकवून उतरायला ती चांगली असते. तिला खाली रबर मात्र बसवा.

या सगळ्यात जीव असतो तो त्या रबरात. खालच्या रेघा झिजल्या की ओल्या फरशीवर आणि पावसाळी शेवाळावर काठी सटकते. उन्हाने रबर कडक होतं, तळ फाटून आतली नळी डोकावते. महिन्यातून एकदा उलटं करून पाहा, रेघांतला चिखल काढा. नवं आणताना जुनं सोबत न्या, नळीच्या जाडीप्रमाणे मापं वेगळी असतात. सैल रबर चिखलात निघून जातं.

एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. भाड्याची अडचण त्यामुळे कमी झाली, पायरीची राहिली. रस्त्याकडेची साइडपट्टी खचलेली असेल तर पहिली पायरी आणखी उंच होते, म्हणून जिथे कडेची जमीन रस्त्याला समतल आहे तिथे उभं राहून गाडीला हात करा. चढताना काठी पट्ट्याने मनगटाला अडकवून दोन्ही हातांनी दांडे धरा. वर जाताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. चालताना मात्र पट्टा मनगटात नको, पडताना हात अडकतो.

सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. म्हणजे पुष्कळ गावांना ते लांबच. पोचल्यावर रॅम्प पाहा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. त्याहून आखूड रॅम्प उभा असतो आणि उतरताना वॉकर पुढे ओढतो. अशा ठिकाणी कठडा असलेल्या पायऱ्या काठीने जास्त सुरक्षित.

व्हीलचेअर ३,००० रुपयांत सहसा बसत नाही, आणि तिची पुढची लहान चाकं मुरमात रुततात. २०१७ पासूनच्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत, गरीब ज्येष्ठांना तपासणी शिबिरांतून ती विनामूल्य मिळू शकते. ज्यांना दहा पावलंही जमत नाहीत, त्यांच्यासाठी दारातून रिक्षा ठरवा. गोळ्या जवळच्या उपकेंद्रात मिळतील का, हे आशाताईंना आधी विचारा.

खरेदीला वापरणारी व्यक्ती सोबत असलीच पाहिजे. दुकानाबाहेरच्या रस्त्यावर चालवून बघा, दुकानाचीच पायरी चढवून-उतरवून बघा. उरलेल्या पैशांत दोन जादा रबरं घ्या आणि पक्की पावती मागा, योजनेत ती लागते.