पार्लरचं ‘फुल सेटअप पॅकेज’ आणि बुडालेले ३,२०,००० रुपये

पार्लरच्या सामानाच्या पॅकेजला मोजले ३,२०,०००. त्यातले ६४,००० माझ्या मार्जिनचे, म्हणजे कर्जात स्वतः घालायच्या वाट्याचे, उरलेले २,५६,००० बँकेचे, मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या ‘किशोर’ गटातले. ११ टक्के व्याज, ६० महिने, हप्ता ५,५६६. हप्ता दर महिन्याला कापला जातोय आणि आलेल्या मालातलं निम्मं सामान वापरता येत नाही.

पॅकेजवाले, म्हणजे पार्लरचं सगळं सामान एकत्र विकणारे, कसे वागतात ते नव्याने सांगायला नको. कर्ज आपल्या नावावर, पण बँक पैसे देते ते कोटेशनवाल्याच्या खात्यात. एकदा आरटीजीएस झालं की तो देईल तो माल. हे मला माहीत होतं. तरी फसले, कारण माझ्या पॅकेजवाल्याने नेमकी अडचण हेरली. “ताई, गाळ्याचं डिपॉझिट काही बँक देत नाही. कोटेशन थोडं वाढवून लावू, ४०,००० तुम्हाला परत देतो.” डिपॉझिट ६०,००० होतं आणि हातातले पैसे मार्जिनमध्ये जाणार होते. मी हो म्हणायला नको होतं, मान्य आहे. पण ज्या बाईने गाळा शोधलाय तिला विचारा, हे पैसे आणायचे कुठून? हातात पडले १५,०००. वर “लोन पास करून देण्याचे” ८,००० त्याने रोख घेतले. मुद्राने कुठलाही एजंट नेमलेला नाही, हे त्यांच्याच वेबसाइटवर लिहिलंय. कुणी असे पैसे मागितले तर तिथेच उठा.

आता जे डोळ्यासमोर असून दिसलं नाही ते. त्याच्या कोटेशनच्या लेटरहेडवर ‘प्रा. लि.’ आणि खाली पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर. सुरुवातीचे दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र. तेवढंच बघून मी निश्चिंत झाले. तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन असतो आणि पूर्ण नंबरातलं सहावं अक्षर सांगतं की पॅन कुणाचा आहे. कंपनीचा असेल तर ‘सी’, भागीदारीचा ‘एफ’, एकट्या माणसाचा ‘पी’. इथे ‘पी’ होतं. कंपनीच्या कागदावर ‘पी’! तो कागद चार दिवस माझ्या पर्समध्ये होता. चार दिवस! जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून नाव आणि नोंदणीची स्थिती दिसते. मी तो टाकला पैसे गेल्यावर अकराव्या दिवशी. नाव भलत्याच माणसाचं, नोंदणी रद्द. बँकेतही त्या कोटेशनवर सह्या-शिक्के झाले, तिथेही कुणी पाहिलं नाही.

माल आला तेव्हा सगळं चकचकीत होतं. हायड्रॉलिक खुर्चीला नवं रेक्झिन, पण पंप जुना. गिऱ्हाईक बसलं की पाच मिनिटांत खुर्ची चार बोटं खाली येते. आतलं ऑइल सील गेलं की असंच होतं. खुर्ची घेताना भारी माणूस बसवा, पूर्ण वर न्या, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि अर्धा तास थांबा. ‘नव्या’ फेशियल स्टीमरची बरणी काढली तर हीटिंग कॉइलवर क्षारांचा पांढरा थर, नखाने खरवडला तर खपली निघाली. असा स्टीमर वाफेबरोबर उकळत्या पाण्याचे थेंब उडवतो, तेही चेहऱ्यावर. वॅक्स हीटरचा थर्मोस्टॅट कट होतच नाही, वॅक्स तापतच राहतं आणि कातडी भाजते. फेशियल किटवर बॅच नंबरच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर होतं. वरचं सोललं, खाली मुदत कधीच संपलेली. ३८,०००ची किट्स मी एकाही बाईच्या तोंडाला लावली नाहीत.

यानंतरचे हेलपाटे त्याहून वाईट. पोलीस ठाण्यात सांगितलं, “माल मिळालाय ना? मग हा दिवाणी वाद, कोर्टात जा.” मिळालेला माल कसला आहे ते बघायची तयारी नाही. बँक म्हणते, विक्रेता तुम्हीच आणलात. कर्जानंतर पाहणीला आलेल्या साहेबांनी खुर्च्यांचे दोन फोटो काढले, एक खोका उघडला नाही, पण अहवालात ‘साहित्य प्राप्त’. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, समोरच्याने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. त्या १५,०००चा विषय तर प्रत्येक टेबलावर निघतो, जणू गुन्हा मीच केलाय. त्याने कमावलेल्या पैशाबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

पोलिसांनी नोंद घेतली नाही तर लेखी तक्रारीची पोच मागा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ते अर्जात लिहा. तरी नकार आला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. समोरचा म्हणेल, “हा धंद्यासाठी घेतलेला माल, तुम्ही ग्राहकच नाही.” घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘धंद्यासाठी घेतलेली’ धरली जात नाही. पार्लरमध्ये स्वतः काम करता याचा पुरावा जोडा: कोर्सचं सर्टिफिकेट, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), गाळ्याचा करार.

कोटेशनमध्ये ‘१ सेट’ लिहू देऊ नका. प्रत्येक वस्तूचं मॉडेल, किंमत, वॉरंटी वेगळी हवी. डिलिव्हरी चलनावर ‘माल तपासणीच्या अटीवर स्वीकारला’ असं हाताने लिहूनच सही करा. मी नुसती सही केली. खोके उघडताना व्हिडिओ घ्या, गाडी उभी असतानाच. आणि कोटेशन फुगवायची गोष्ट निघाली तर तो माणूस कितीही गोड बोलो, त्याच्याकडून कंगवासुद्धा घेऊ नका. हेच पॅकेज आता दुसऱ्या नावाने, निळ्या लेटरहेडवर फिरतंय. दरपत्रकातल्या वस्तूंचा क्रम तोच आहे: आधी खुर्ची, मग शॅम्पू स्टेशन, शेवटी ‘फ्री’ ट्रॉली.